उंबरठा दोनदां ओलांडतांना

पालघर सोडलें म्हणजे बोईसरच्या आधीं उमरोळी हें लहानसें स्टेशन लागतें. जलद गाड्या येथें थांबत नाहींत. लोकल थांबते, चार माणसें उतरतात, आणि पुन्हां भातशेतांवर शांतता पसरते. गेल्या वैशाखांत एका रविवारीं दुपारच्या लोकलनें माझा धाकटा चुलतभाऊ असाच उतरला आणि घरीं येऊन नेहमींप्रमाणें ओसरीवर बसला.

तो ओसरीवरच बसतो. अठरा वर्षांपूर्वीं, मुंबईस नोकरीला असतां, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं त्यानें ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर घराच्या आंत येऊं नको असें त्याला कोणीं सांगितलें नाहीं. आणि ये, असेंही कोणीं म्हटलें नाहीं. मोठीं घरें अशा न बोललेल्या नियमांवरच चालतात, हें वाचकांना निराळें सांगावयास नको. त्याची आई, म्हणजे माझी काकू, आतां ऐशीं वर्षांची आहे. ती समोर बसून सुपांत तांदूळ निवडीत होती.

“आई,” तो म्हणाला, “मी मंडळी बदलतों आहें.”

काकूचा हात थांबला. क्षणभर तिच्या मुद्रेवर जें उमटलें तें मीं पाहिलें आहे. तें येथें वर्णन करीत नाहीं. “म्हणजे परत येतोस?” तिनें विचारलें.

“नाहीं. ज्या मंडळींत होतों ती सोडून दुसऱ्या मंडळींत जातों आहें. देव तोच.”

काकूनें सूप खालीं ठेवलें. “एकदां गेलास, ते मी गिळलं. आतां पुन्हां कुठं? आम्हांला सोडून ज्यांच्याकडे गेलास तेही धड नव्हते, असंच ना?”

प्रश्न तिखट होता, परंतु अन्यायाचा नव्हता. तो पुष्कळ घरांत कधींना कधीं विचारला गेला असेल. त्याचें नीट उत्तर शोधावें म्हणून या महिन्याचें हें लिखाण आहे.

आपल्याकडे ‘अमका ख्रिस्ती झाला’ असें म्हटलें कीं बोलणें संपतें. जणूं आपल्या दाराबाहेर एकच मोठें मैदान आहे आणि तो त्या मैदानांत जाऊन उभा राहिला. खरें पाहतां बाहेर मैदान नसून दुसरी आळी आहे, आणि त्या आळींत पुष्कळ घरें आहेत. रोमन कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल हीं त्यांपैकीं कांहीं. देव एक आणि ग्रंथही बहुतांशीं एकच. परंतु तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा कीं त्यानें जाणतेपणीं स्वतः मागावा, मंडळीवर बिशप असावा कीं नसावा, प्रभुभोजनांतील भाकर म्हणजे नेमकें काय, यांविषयीं प्रत्येक घराचें मत निराळें. ज्या कुटुंबांत स्मार्त एकादशी कोणती आणि भागवत एकादशी कोणती हें पंचांगांत पाहून उपास ठरतो, त्या कुटुंबाला यांत नवल वाटूं नये.

जो जन्मतःच ख्रिस्ती असतो त्याला घर शोधावें लागत नाहीं. आपल्या दक्षिणेस वसई आहे. ती १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं जिंकून घेतली. त्या दोनशें वर्षांत ख्रिस्ती झालेल्या घराण्यांचे वंशज आजही वाडवडिलांच्याच चर्चमध्यें बाप्तिस्मा घेतात, तेथेंच त्यांचीं लग्नें लागतात आणि तेथेंच त्यांना मूठमाती मिळते. प्रौढपणीं येणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला दोन प्रश्न सोडवावे लागतात. हा देव माझा आहे काय, हा पहिला. आणि या देवाच्या कोणत्या घरीं मी राहूं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा गाजावाजा होतो. नातेवाईक रडतात, गांव बोलतो. दुसरा प्रश्न त्याला बहुधा एकट्यालाच सोडवावा लागतो. सासुरवाशिणीला हें सहज समजेल. लग्न लागतें नवऱ्याशीं. पण नांदावें लागतें सासरीं.

हें मी काकूला कसें सांगावें याचा विचार करीत होतों. वाट तिनेंच करून दिली. भाऊ म्हणाला, “नव्या मंडळींत रेव्हरंड टिळकांचीं पदं म्हणतात, आई. आमच्या जुन्या ठिकाणीं सगळी गाणीं हिंदी नाहींतर इंग्रजी.”

“कोण टिळक? ते पाखराच्या कवितेचे?” काकू म्हणाली. शाळेंत ती कविता तिला तोंडपाठ होती, आणि ‘रेव्हरंड’ ही त्यांना सरकारनें दिलेली कांहीं पदवी असावी अशी तिची इतक्या वर्षांची समजूत होती. त्या रात्रीं ओसरीवर बसून मीं तिला जें सांगितलें तेंच पुढें देतों.

नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचे, जन्म १८६१. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासांत एका मिशनऱ्यानें त्यांना ‘नवा करार’ दिला. पुढें पुष्कळ वाचन आणि घालमेल होऊन १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचें नवें घर म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. हें मिशन मुंबईस १८१३ पासून आणि अहमदनगरास १८३१ पासून काम करीत होतें. तें काँग्रिगेशनल पंथाचें. प्रत्येक मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा, वर बिशप नसावा, असें हा पंथ मानतो. टिळक नगरास राहिले, तेथें शिकविलें, १९०४ सालीं पाळक झाले, आणि पुढें ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग संपादूं लागले. बावीस वर्षें असें नांदल्यावर १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला आहे आणि ज्यांनीं घेतलेला नाहीं, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यांत जागा होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें ते मानीत. तो पूल पाडून टाकावा असें त्यांना कधींच वाटलें नाहीं. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस वारले. त्यांनीं ख्रिस्त सोडला नव्हता. ज्या घरीं ते प्रथम उतरले त्या घराच्या भिंती मात्र त्यांना अपुऱ्या वाटूं लागल्या होत्या.

लक्ष्मीबाईंचें नांव काढतांच काकू सावरून बसली. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालीं आणि आपल्यासारख्या घरांतून तीं आजतागायत वाचलीं जातात. पतीनें धर्म सोडला तेव्हां त्या त्याच्या मागोमाग गेल्या नाहींत. ताटातूट सोसली, माहेरच्यांच्या आधारानें दिवस काढले, आणि सुमारें पांच वर्षांनीं, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावरच, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे एकाच जोडप्यांत दोघांच्या वाटा वेगळ्या, वेळा वेगळ्या.

पंडिता रमाबाईंची हकीकत आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळची. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, इंग्लंडांत वाँटेज येथें अँग्लिकन जोगिणींच्या आश्रयास असतां त्यांनीं आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. आतां ही विदुषी आपल्या चर्चचें सर्व निमूट मानील अशी तेथील पुष्कळांची अपेक्षा होती. परंतु जिनें शास्त्रीपंडितांच्या अधिकाराला प्रश्न विचारले ती पाद्र्यांच्या अधिकाराला विचारल्यावांचून कशी राहील? त्रैक्याच्या सिद्धांताविषयीं तिनें शंका काढल्या. गळ्यांत घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरें असावींत असें निघालें, तेव्हां लॅटिनांत असें काय आहे कीं जें आमच्या संस्कृतांत नाहीं, असें तिनें विचारलें. ज्या भगिनी जेराल्डीन यांना ती आईसमान मानीत होती त्यांच्याशींच हा पत्रव्यवहार चालला. तो १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे. आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळींत झाला, कोणा एका पंथांत नव्हे, अशी तिची भूमिका होती. पुढें केडगांवास मुक्ति मिशन उभारलें तें कोणत्याही एका पंथाला न जोडतां. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून तिनें केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर, १९२२ सालीं ती वारल्यानंतर, १९२४ सालीं छापून पुरें झालें.

आणि ज्यांच्या लिखाणानें रमाबाईंच्या शंका फिटण्यास साहाय्य झालें ते नीळकंठशास्त्री, म्हणजे नेहेमिया, गोऱ्हे नेमके उलट दिशेनें चालले. काशींत वाढलेले हे चित्पावन पंडित मिशनऱ्यांचें खंडन करावयास पुढें आले आणि १८४८ सालीं जौनपूर येथें त्यांनींच बाप्तिस्मा घेतला. ज्या मिशनमधून ते आले तें साध्या उपासनेचें आणि ग्रंथावर भर देणारें. गोऱ्ह्यांना मात्र पुढें वाटूं लागलें कीं केवळ ग्रंथ पुरे नव्हे; प्राचीन परंपरा पाहिजे, संस्कार पाहिजेत, तपस्व्याचा आचार पाहिजे. १८७० सालीं ते अँग्लिकन पुरोहित झाले आणि पुढें कौली फादर्स या व्रतस्थ संघाच्या सहवासांत राहिले. १८९५ सालीं मुंबईस ते वारले. टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तें हेंच वर्ष. गोऱ्हे परंपरेच्या शोधांत गेले, रमाबाई परंपरेच्या जाचांतून सुटावयास धडपडल्या. दोघेही ब्राह्मण, दोघेही संस्कृतज्ञ, दोघांचाही बाप्तिस्मा एकाच चर्चचा. यांतील एक प्रामाणिक आणि दुसरा अप्रामाणिक असें कोण म्हणेल?

मराठी मुलखाबाहेरचेंही एक उदाहरण देण्याजोगें आहे. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनीं सिंधमध्यें असतां १८९१ सालीं एका अँग्लिकन पाद्र्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षीं ते कॅथलिक झाले. ‘चंचल’ म्हणून त्यांना हिणविणें सोपें आहे. परंतु ज्यानें एवढें मोठें पाऊल विचार करून टाकलें, त्यानें पुढचें पाऊल विचार न करतां टाकावें अशी अपेक्षा धरणेंच चमत्कारिक नव्हे काय?

काकूनें मध्येंच विचारलें, “मग दुसऱ्या घरीं जातांना पुन्हां पाणी घेतात का?” प्रश्न बिनतोड होता. बहुतेक जुन्या चर्चांचा नियम असा कीं, पाण्यानें आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें झालेला बाप्तिस्मा जन्मांत एकदांच. तो दुसऱ्या पंथांत झाला असला तरी पुन्हां देत नाहींत. कॅथलिक चर्चमध्यें बाप्तिस्मा न झालेला प्रौढ आला तर त्याला कित्येक महिने शिकवून बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्रीं बाप्तिस्मा देतात. परंतु दुसऱ्या पंथांत विधिपूर्वक बाप्तिस्मा झालेला आला तर श्रद्धेचा उच्चार करवून त्याला सामील करून घेतात. जे पंथ तान्हेपणींचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच मानीत नाहींत ते मात्र अशा माणसाला पुन्हां पाण्यांत उतरवितात. मीं काकूला म्हटलें, “मुंज दोनदां होत नाहीं, तसंच.” तिला तें पटलें.

असाच प्रौढांना पाण्यांत उतरविणारा एक पंथ आपल्या पालघर-डहाणू भागांत आला, हें आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. १७०८ सालीं जर्मनींत श्वार्झेनाउ नांवाच्या खेड्यांत आठ प्रौढ माणसांनीं नदींत उतरून नव्यानें बाप्तिस्मा घेतला. तेथून ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ हा पंथ निघाला व पुढें अमेरिकेंत वाढला. पाण्यांत गुडघे टेकून तीन वेळां पुढें वांकावयाचें, प्रभुभोजनापूर्वीं एकमेकांचे पाय धुवावयाचे, युद्धांत शस्त्र धरावयाचें नाहीं, असे त्यांचे आचार. त्यांचे मिशनरी १८९४ च्या सुमारास बलसारास आले आणि पुढें डहाणू-पालघरच्या मराठी भागांतही त्यांचें काम सुरू झालें. डहाणूस त्यांनीं दवाखाना चालविला.

यानंतर जें घडलें तें काकूला सर्वांत अधिक आवडलें. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा पंथांचीं मंडळें एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालें. हिंदुस्थानांतील अँग्लिकन त्यांत आले, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्या संयुक्त चर्चमध्यें आधींच सामील झाल्या होत्या तें आलें, ब्रेदरनही आले. म्हणजे ज्या पंथांत रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला, ज्या पंथांत टिळक पाळक झाले, आणि जो पंथ आमच्या डहाणूस आला, तीं तिन्ही घरें आज एका छपराखालीं आहेत. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या माणसाचा बाप्तिस्मा हे दोन्ही तेथें मानतात. ब्रेदरनांपैकीं कांहींनीं हें एकत्र येणें मानलें नाहीं, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. “म्हणजे भावकी तिथंही आहे!” असें म्हणून काकू हंसली. त्या दिवसांतलें तिचें तें पहिलें हंसणें.

आमचा भाऊ सामील होऊं पाहात होता तें हेंच चर्च. पण त्यानें जुनी मंडळी कां सोडली, हें त्यानें काकू निजल्यावर मला एकट्याला सांगितलें. सात वर्षांपूर्वीं काका वारले तेव्हां तो आला नव्हता. आम्ही त्याला निष्ठुर म्हटलें. त्याची मंडळी लहान आणि स्वतंत्र. मुंबईंत एका वडीलधाऱ्याच्या शब्दावर चालणारी. त्या घरीं मूर्तिपूजकांचे विधि चालतील, तेरा दिवस तेथें पाऊल टाकूं नको, असें त्याला सांगण्यांत आलें आणि त्यानें तें ऐकलें. त्या मंडळीचें नांव मी येथें लिहीत नाहीं. तसें सांगणाऱ्याच्या मनांत वाईट होतें असेंही मला म्हणवत नाहीं.

शिवाय या गोष्टीची दुसरी बाजू मला ठाऊक आहे. त्याला स्मशानांत पुढें होऊं द्यावें कीं नाहीं, यावर त्या दिवशीं आमच्या वडील मंडळींत घोळ चालला होता. तो येत नाहीं असें कळलें तेव्हां आम्हां कित्येकांना हायसें वाटलें. त्यांत मीही होतों. दोन घरांनीं मिळून एका मुलाला बापाच्या चितेपासून दूर ठेवलें, आणि दोषाचें ओझें त्या एकट्यानें सात वर्षें वाहिलें. हें लिहितांना लाज वाटते. परंतु लिहिलेंच पाहिजे.

“म्हणून सोडलीस?” मीं विचारलें.

“त्यासाठीं सोडायची तर तेव्हांच सोडली असती, दादा,” तो म्हणाला. “तिथं प्रश्न विचारायला जागा नव्हती. मी ख्रिस्ताकडे गेलों तो प्रश्न विचारतच गेलों होतों.”

नव्या मंडळीच्या पाळकांनीं त्याला लगेच घेतलें नाहीं, हें मला फार आवडलें. रागानें येत असाल तर थांबा, असें त्यांनीं सांगितलें. सहा महिने उपासनेस येऊन बसा. जुन्या मंडळींत जाऊन सर्वांचा रीतसर निरोप घ्या. आणि घरीं आईला स्वतःच्या तोंडानें सांगा. त्यांतलें तिसरें काम करावयास तो वैशाखांतल्या त्या रविवारीं आला होता.

सकाळीं काकूनें चहाचा पेला त्याच्यापुढें ठेवला आणि विचारलें, “तिथं बायका डोक्यावरून पदर घेतात का?”

“पुष्कळ घेतात.”

“खालीं बसायचं?”

“बांकं आहेत.”

“मग गुडघ्यांना बरं. मी कांहीं म्हणणार-बिणणार नाहीं. नुसती बसेन.”

आषाढांत आम्ही तिघें गेलों. बिशपांनीं त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. पाणी कांहीं पुन्हां घातलें नाहीं. टिळकांचें एक पद झालें. काकू शेवटच्या बांकावर पदर घेऊन बसली होती. पद चाललें असतां तिची मान हालत होती. ती चालीवर कीं आणखी कशानें, हें मीं विचारलें नाहीं. परत येतांना ती एवढेंच म्हणाली, “यांच्यांत कोणी मला ‘तुम्ही कशाला आलांत’ असं विचारलं नाहीं.”

उमरोळीस पोहोंचलों तेव्हां पाऊस लागला होता. भाऊ संवयीनें ओसरीवर टेकला. काकू आंत गेली, पाटपाणी झालें, आणि तिनें मोठ्यानें हांक मारली, “आंत ये रे. पानं वाढलीं आहेत.” अठरा वर्षांचा नियम असा चार शब्दांनीं मोडला. घरांतील एक-दोन वडील माणसांना तें रुचलें नाहीं, हेंही खरें. तीं आजही त्या पंक्तीला बसत नाहींत.

आपल्या नात्यांतील कोणी धर्म बदलला तर दुःख करूं नये, असें मी म्हणणार नाहीं. दुःख होतें, आणि तें लपविण्यांत शहाणपण नाहीं. परंतु पहिलें पाऊल त्यानें आपल्यावर रागावून टाकलें आणि दुसरें टाकलें म्हणजे पहिलें चुकलें, अशी गणितें मांडूं नयेत. गोऱ्हे, रमाबाई, टिळक यांनीं नव्या घरांतही विचारणें थांबविलें नाहीं. तें विचारणें त्यांनीं आपल्याच घरांतून बरोबर नेलें होतें. ज्या मुलाला आपण लहानपणीं ‘कां?’ म्हणून विचारावयास शिकविलें तो मोठेपणीं दुसऱ्याच्या दारीं जाऊनही तेंच विचारील. त्यानें आपलें घर निवडावें. आपण आपल्या घराचें दार कोणत्या बाजूनें लावलें आहे, एवढें मात्र उठून पाहावें.